जुळ्या हौदांची खोली

मेहुण्याचं डोकं आणि खांदे पलीकडे गेले होते; पोट मात्र अलीकडेच राहिलं होतं. सरांनी त्याच्या कमरेचा पट्टा धरून त्याला आधी मागे ओढलं, मग पुढे ढकललं. भोकाच्या कडेची माती सुटून त्यांच्या चष्म्यावर पडली.

“श्वास सोड,” सर म्हणाले.

“सोडलाय, दाजी,” पलीकडून घुमत आवाज आला.

“मग हे एवढं काय उरलंय?”

“ते पोट आहे.”

माणसाने गाद्यांचं दुकान जरूर चालवावं, पण स्वतःच गादी होऊन बसू नये, असं सरांना वाटलं. त्यांनी ते बोलूनही दाखवलं. मेहुणा हसला, आणि हसता हसता त्याचा उरलासुरला श्वास सुटला तेवढ्यात सरांनी त्याला बुटाने रेटा दिला. तो पलीकडे धप्पकन पडला. मागोमाग सर त्या भोकातून सहज सरकून गेले. या वयातही आपण किती सडपातळ आहोत हे बघायला तिथे मेहुण्याशिवाय कोणी नव्हतं, याचं त्यांना जरा वाईट वाटलं.

सर शाळेत भूमिती शिकवत, आणि भेटणाऱ्या बहुतेक माणसांना त्यांनी मनातल्या मनात कधीच नापास करून टाकलं होतं. शेजारी नापास होते, मुख्याध्यापक काठावर होते, आणि मेहुणा तर परीक्षेलाच बसायच्या लायकीचा नव्हता. भुयारात उतरायला सुरुवातीला त्यांच्याबरोबर पाचसहा जण असायचे. त्यातल्या डॉक्टरला सरांनी काढून टाकलं, कारण तो अत्तर लावून यायचा. एका इंजिनियरला काढलं, कारण तो उजवीकडे म्हणून डावीकडे बोट दाखवायचा. फोटोवाल्याला काढलं, कारण जुन्या बॉयलरचा फोटो काढायला सांगितलं तर त्याने बॉयलरसमोर उभं राहून स्वतःचा काढला. शेवटी मेहुणा तेवढा उरला. बहिणीच्या नवऱ्याला नाही कसं म्हणायचं हे त्याला कळत नव्हतं, आणि हा त्याचा एकमेव गुण सरांना मान्य होता.

ही भुयारं वाफेची होती. एके काळी शहराच्या या भागात एकच मोठं बॉयलरघर होतं. तिथून जमिनीखालून जाडजूड नळांतून वाफ निघायची आणि साबणाच्या, टोप्यांच्या, कापड रंगवण्याच्या कारखान्यांना जाऊन मिळायची. कारखाने एकेक करून बंद पडले, धुराडी पाडली गेली, वर दुकानं आली, दवाखाने आले, गाड्या लावायच्या जागा आल्या. खालची भुयारं कोणी बुजवली नाहीत, कारण ती आहेत हेच लोक विसरले. डोक्यावरून एखादी बस गेली आणि छतातून धूळ झडली, की सरांना वर चालणाऱ्या तमाम जनतेची कीव यायची. बिचाऱ्यांना आपण कशावर उभे आहोत हेसुद्धा माहीत नाही!

सरांचा नियम एकच होता आणि तो कडक होता. वर कोणाला काही विचारायचं नाही. कोणत्या कारखान्याचं आता काय झालंय, कोणत्या इमारतीला तळघर आहे, तिथे कोण असतं, यातलं काहीही. विचारणं म्हणजे पुस्तकाच्या मागची उत्तरं बघणं. वर कोणी आपण होऊन सांगितलंच, तरी ते खाली आणायचं नाही. जे कळायचं ते मोजून आणि तर्काने कळायला हवं.

आणि तर्कानेच त्यांनी जुळे हौद शोधले होते.

साबणाच्या कारखान्याकडे जाणाऱ्या भुयाराच्या टोकाला एक कमान होती आणि ती विटांनी बुजवलेली होती. पहिल्यांदा तिथे पोचले तेव्हा सरांनी भिंतीला कान लावला आणि त्यांचे डोळे चमकले. पलीकडे पाणी ठिबकत होतं. टक, टक. टक, टक. एक थेंब जवळचा, एक लांबचा. पुन्हा जवळचा, पुन्हा लांबचा. म्हणजे शेजारी शेजारी दोन हौद. मधूनच ठिबकणं थांबायचं, थोड्या वेळाने परत चालू व्हायचं. तो हवेच्या दाबाचा परिणाम होता. कधी थेंब भराभर पडायचे, कधी सावकाश. त्यालाही सरांनी एक सूत्र बसवलं. दर रविवारी दुपारी ते तिथे येत, कान लावत आणि मोजत. बाकीच्या दिवशी शाळा असल्यामुळे ते कधी आलेच नाहीत, त्यामुळे बाकीच्या दिवशी हौद काय करतात हा प्रश्न उद्भवला नाही.

त्या पहिल्या दिवशी मेहुण्यानेही कान लावला होता. त्याच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उमटलं होतं.

“दाजी, हा आवाज मला ओळखीचा वाटतो. आमच्या घरी लहानपणी—”

“भावुक होऊ नकोस,” सर म्हणाले होते. “मी मोजतोय.”

त्यावर मेहुणा गप्प बसला होता तो बसलाच होता.

आता प्रश्न इतकाच होता, की येत्या शनिवारी इतिहास मंडळात सरांचं व्याख्यान होतं. विषयही जाहीर झाला होता: ‘शहराखालचे जुळे हौद’. मंडळाच्या चिटणीसांनी फोनवर सहज विचारलं होतं, “म्हणजे तुम्ही स्वतः पाहिलेत ना ते?” आणि सर म्हणाले होते, “अर्थात.” तर्काने पाहिलेले हौद डोळ्यांनी पाहिल्यासारखेच, असं त्यांनी तेव्हा स्वतःला समजावलं. पण व्याख्यानाला फोटोवाला पहिल्या रांगेत येऊन बसणार होता. डॉक्टर अत्तर लावून येणार होता. नापास केलेला सगळा वर्ग समोर बसणार, आणि त्यातल्या एकाने जरी हात वर करून “सर, हौद किती खोल आहेत?” असं विचारलं, तर आयुष्यात पहिल्यांदा सरांना उत्तर येणार नव्हतं. त्या खोलीत कारखाना बंद पडल्यापासून पाऊल टाकणारा पहिला माणूस त्यांना व्हायचं होतं, आणि ते आजच व्हायला हवं होतं.

म्हणून सकाळी त्यांनी चहासुद्धा उभ्यानेच घेतला होता. बायको फरशी पुसत होती. सर मागच्या रविवारचा चिखल वागवणारे बूट घालून त्या ओल्या फरशीवरून टेबलापर्यंत गेले आणि चषकातून एक पेन्सिल उचलली. चषक बायकोने लग्नात माहेरून आणला होता. कसल्याशा शर्यतीत मिळाला असावा. घासून घासून त्याच्यावरची अक्षरं गेली होती. पेन्सिली ठेवायला उंची बरोबर होती, त्यामुळे सरांनी त्याची आणखी चौकशी केली नव्हती.

“बूट दाराशी काढले तर काय बिघडतं हो?” बायको म्हणाली.

सर नकाशाची गुंडाळी करत होते.

“आज तरी होईल का तुमचं?” तिने विचारलं. “इतकं काय आहे त्या भिंतीपलीकडे?”

“तुला कळायचं नाही.”

“बरं.” तिने उजव्या खांद्याला मलम चोळलं. हल्ली तिचा खांदा दुखायचा. वय झालं की असंच होतं, असं सरांनी तिला सांगितलं होतं. “मी पण दुपारी निघेन. ते आमचं असतं ना रविवारचं, मी सांगितलं होतं बघा, त्या जुन्या—”

“हं,” सर म्हणाले आणि जिना उतरले. तिची वाक्यं शेवटपर्यंत ऐकायची सवय त्यांना कधी लागलीच नाही.

आता ते कमानीसमोर गुडघ्यांवर बसले होते. गेले काही रविवार ते छिन्नीने विटांमधला चुना खरवडत होते. भिंत फोडणं हे गुंडांचं काम. विटा सोडवणं वेगळं, असं त्यांनी मेहुण्याला बजावलं होतं. त्यामुळे हातोडी वर्ज्य होती आणि कामाला दसपट वेळ लागला होता. अलीकडच्या दोन थरांत त्यांनी जमिनीलगत माणूस वाकून शिरेल एवढी जागा केली होती. शेवटच्या थरातली एक वीट आता हलत होती.

पलीकडे हौद ठिबकत होते. टक, टक. टक, टक. आज अगदी खणखणीत.

“दाब वाढलाय,” सर कुजबुजले.

मेहुण्याने पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला आणि दाजींकडे अशा नजरेने पाहिलं, की सरांचं लक्ष असतं तर त्यांनी त्याला त्याबद्दल हटकलं असतं.

सरांनी विटेच्या दोन्ही बाजूंना बोटं घातली आणि ती आपल्याकडे ओढली. चुन्याचा भुगा सांडला, वीट डुगडुगली आणि त्यांच्या मांडीवर आली. भोकातून पांढरा उजेड भुयारात घुसला.

“झरोका आहे,” सर म्हणाले. “वरून कुठूनतरी प्रकाश येतोय. आणि हा वास बघ! इतक्या वर्षांनी अजून साबणाचा वास!”

मेहुण्याने नाक पुढे केलं. “फिनाइल वाटतंय.”

“तुझं नाक गादीत गेलंय.”

सरांनी बॅटरी विझवली, पालथे पडले आणि भोकाला चेहरा लावला.

समोर स्वच्छ, कोरडी फरशी होती. फरशीवर एका मोठ्या टेबलाचे लोखंडी पाय होते. पलीकडे भिंतीशी बाकं होती, बाकांखाली पिशव्या आणि चपला होत्या, कोपऱ्यात एक स्टूल होतं आणि त्यावर चहाचा थर्मास. खोली होती मात्र खरंच मोठी. लांबी, रुंदी, उंची, वाफेचा नळ कोणत्या भिंतीतून येणार, हे सगळं सरांनी कागदावर काढलं होतं तसंच्या तसं होतं. भूमितीत कुठेच चूक नव्हती. फक्त हौद नव्हते. एकही नव्हता.

टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसांचे पाय हलत होते. टक, टक. चेंडू इकडे एकदा आपटायचा, तिकडे एकदा आपटायचा, आणि पाय त्याच्यामागे सरकायचे.

शनिवारचं सभागृह सरांच्या डोळ्यांसमोर आलं, पहिली रांग आली. मग हळूहळू, बघण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे, सर ते पाय बघू लागले. पलीकडचे जड होते, उशिरा निघायचे आणि पोचल्यावर घसरायचे. अलीकडचे मात्र वेगळे होते. पांढरे, झिजलेले बूट, हिरव्या नाड्या. ते चेंडूच्या आधी जागेवर असायचे. एक पाऊल बाजूला, अर्धं मागे, टाच उचललेली. एकही पाऊल वाया जात नव्हतं. सरांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण नेमकेपणा त्यांना कळायचा, आणि इतका नेमकेपणा त्यांनी फार दिवसांत कोणत्याच माणसात पाहिला नव्हता. त्या पायांना त्यांनी मनातल्या मनात पैकीच्या पैकी देऊन टाकले.

“बघू,” मेहुणा म्हणाला आणि पोट सांभाळत त्यांच्या शेजारी आडवा झाला. त्याने एकदा पाहिलं आणि पुन्हा उठून बसला.

“ताई आहे.”

“कोण?”

“ताई. ते ताईचे पाय आहेत, दाजी.”

सरांनी गाल फरशीला टेकवला आणि मान वळवून तिरकं वर पाहिलं. केस वर बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, कपाळावर घाम. उजवा खांदा मागे गेला, हात सपकन फिरला, आणि पलीकडचे जड पाय जागच्या जागी राहिले. बायकोने समोरच्या बाईकडे पाहिलं. ओठ किंचित दुमडलेले, एक भुवई वर. अजून एवढंही येत नाही तुला, असं म्हणणारा तो चेहरा होता, आणि तो सरांनी दाढी करताना रोज आरशात पाहिला होता.

“तुला माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“ती इथे कुठेशी खेळायला येते एवढं माहीत होतं. ती हीच जागा, हे तो आवाज ऐकल्यावर कळलं. लहानपणी ही जेवायच्या टेबलावर असंच करायची. आई ओरडायची. कॉलेजात असताना टेबल टेनिसमध्ये सगळ्यांना हरवून कप आणला होता तिने.”

“मग सांगितलं का नाहीस?”

मेहुण्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. “वरचं खाली आणायचं नाही ना, दाजी?”

सरांनी चष्म्यावरचा चुन्याचा भुगा पुसला.

“पहिल्या दिवशी सांगत होतो तरी. तुम्ही मोजत होतात.” मेहुण्याने बाटलीचं झाकण लावलं. “आमची आजी म्हणायची तसं झालं. काखेत कळसा—”

“पुढचं बोलू नकोस.”

“नाही बोलत.”

तेवढ्यात पलीकडच्या जड पायांनी काहीतरी भलताच फटका मारला. चेंडू टेबल सोडून भिंतीवर आपटला, टणटणत खाली आला, फरशीवरून घरंगळला आणि नेमका विटेच्या भोकातून आत येऊन सरांच्या कोपराशी थांबला. हिरव्या नाड्यांचे बूट चालत आले आणि भोकासमोर उभे राहिले. पळायला मागे जागा नव्हती. मागे मेहुणा होता.

भोकातून हात आत आला. तळवा वर, बोटं पसरलेली. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडला होता. इतक्या वर्षांत हा हात सरांनी चहाचा कप धरलेला पाहिला होता, फडकं धरलेला पाहिला होता, पण हा घट्टा त्यांनी आत्ता पाहिला. बोटं अधीरपणे हलली. सरांनी अंधारात चेंडू उचलला आणि त्या तळव्यावर ठेवला. ठेवताना त्यांच्या चिखलाने भरलेल्या बोटांचा तिला स्पर्श झाला.

हात क्षणभर तसाच राहिला. मग मूठ मिटली आणि हात बाहेर गेला. ती वाकली नाही.

“काय गं, कोणी आहे का आत?” बाकावरून एका बाईने विचारलं.

“घूस आहे,” बायको म्हणाली.

“अगं बाई! केवढी?”

“बरीच मोठी आहे. तिचंच खरवडणं चालू असतं ना दर रविवारी. आज पोचली एकदाची.”

“चावत नाही ना?”

“छे. नुसती धुसफुसते.”

बायका हसल्या. मेहुण्याने तोंडावर हात दाबून धरला, तरी त्याचं पोट गदगदताना अंधारातही दिसत होतं. सरांचे कान तापले. गेले कित्येक रविवार ते ज्या भिंतीला कान लावून बसत होते, त्याच भिंतीपलीकडून त्यांनाही कोणीतरी ऐकत होतं, हे त्यांना आता कळलं. ओरडावंसं वाटलं. पण ओरडून सांगणार काय? आणि कोणाच्या खोलीत?

पलीकडे खेळ पुन्हा सुरू झाला. टक, टक. टक, टक.

“जायचं का परत?” मेहुण्याने हळूच विचारलं.

परत जायचं म्हणजे ते अरुंद भोक, मेहुण्याचं पोट, वरचा उजेड, आणि मग संध्याकाळी तिच्या हातचा चहा. ती काही बोलणार नाही. ती “बरं” म्हणेल. इतकी वर्षं त्या “बरं”ला ते होकार समजत आले होते.

सरांनी घसा खाकरला. पलीकडचा टकटकाट थांबला. त्यांनी तोंड भोकाजवळ नेलं, आणि कोणाला न विचारण्याचा त्यांचा इतक्या वर्षांचा नियम त्यांच्याच तोंडून मोडला.

“कोण जिंकतंय?”

बाकावरची कोणीतरी “अय्या” म्हणाली आणि दुसरीने तिला गप्प केलं. हिरव्या नाड्यांचे बूट जागेवरून हलले नाहीत, भोकाकडे वळलेसुद्धा नाहीत.

“तुम्हाला कळायचं नाही,” बायको म्हणाली.

आणि तिने चेंडू टाकला.

सर तसेच पडून राहिले. फटके जात होते, येत होते, थांबत होते. मध्येच कोणी हळहळत होतं, कोणी टाळी देत होतं. त्यांनी मोजायचा प्रयत्न केला, पण गुण कसे धरतात हेच त्यांना माहीत नव्हतं. थोड्या वेळाने ते उठून बसले. शेजारची वीट त्यांनी हलवून पाहिली. ती सैलच होती. ती काढून त्यांनी बाजूला ठेवली, मग तिच्यावरची, मग आणखी एक. माणूस वाकून जाईल एवढी वाट झाली तेव्हा भोकातून येणारा उजेड त्यांच्या पायांपर्यंत पोचला होता. बूट चिखलाने लडबडले होते. सर त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग नाड्या सोडू लागले.

“दाजी, काचाबिचा असतील खाली,” मेहुणा म्हणाला.

“फरशी पुसलेली दिसतेय,” सर म्हणाले.